घड्याळ रोज मागे ओढू नका, त्याची चाल सुधारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकाच नेटवर्कवर काही लिनक्स सर्व्हर आणि काही विंडोज मशीन आहेत. त्यातल्या एका सर्व्हरचं घड्याळ दिवसाला साधारण ६ सेकंद पुढे जातं, म्हणून रोज मध्यरात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) एनटीपीडेट (टाइम सर्व्हरला विचारून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालवून तुम्ही ते जागेवर आणता. तरीही लॉगमधल्या नोंदींचा क्रम अधूनमधून उलटा दिसतो आणि एका कामाला चक्क ‘उणे ४ सेकंद’ लागल्याची नोंद झाली. शिवाय एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तासांनी सरकलेली असते. मदरबोर्डवरचा सेल बदलावा का, हेही तुम्ही विचारलंय.

सेल बदलू नका, निदान या लक्षणांसाठी तरी नको. घड्याळ किती चुकलंय यापेक्षा कसं चुकलंय हे आधी पाहायचं असतं. कारण तिथेच सापडतं. फरक नेमक्या तासांचा किंवा अर्ध्या तासांचा असेल, मिनिटं-सेकंद मात्र बरोबर असतील, तर घड्याळ ठीक आहे आणि टाइम झोनचा घोळ आहे. मशीन पूर्ण बंद करून वीज काढली आणि परत चालू केल्यावर कुठली तरी जुनीपुराणी तारीख दिसली, तर सेल संपलाय. मशीन चालू असतानाच रोज ठरावीक सेकंदांनी पुढे किंवा मागे जात असेल, तर तो क्वार्ट्‌झ स्फटिकाचा गुण आहे. आणि एरवी व्यवस्थित चालणारं घड्याळ मध्येच एकदम काही मिनिटं मागे पडलेलं दिसलं, तर मशीन झोपवलं होतं का किंवा व्हर्च्युअल मशीन (खऱ्या संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) थांबवून पुन्हा सुरू केलं होतं का, ते शोधा. तुमच्या सर्व्हरचा प्रकार तिसरा आहे, लॅपटॉपचा पहिला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

आता सेलचा मुद्दा. संगणकात घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, ज्याला आरटीसी म्हणतात. ते सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या छोट्या स्फटिकावर चालतं. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, त्यामुळे साध्या सर्किटने पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक सेकंदाचा ठोका मिळतो. मशीन बंद असताना या घड्याळाला जिवंत ठेवणं एवढंच त्या सेलचं काम. दुसरं घड्याळ ऑपरेटिंग सिस्टीमचं. बूट होताना सिस्टीम आरटीसीकडून वेळ घेते आणि त्यानंतर प्रोसेसरच्या किंवा चिपसेटच्या वेगळ्याच काउंटरवरून स्वतः मोजत राहते. दिवसभर चालू असलेल्या सर्व्हरवर तुम्हाला दिसणारी वेळ या दुसऱ्या घड्याळाची असते. सेल नवा टाकला तरी त्याच्या चालीत काडीचा फरक पडणार नाही.

स्फटिकाची चूक दशलक्ष भागांत मोजतात, म्हणजे पीपीएममध्ये. १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. २० पीपीएमची चूक असलेला स्फटिक अगदी सामान्य समजला जातो आणि तोही दिवसाला पावणेदोन सेकंद चुकतो. तुमचे ६ सेकंद म्हणजे सुमारे ६९ पीपीएम. जरा जास्त आहेत, पण मशीन बिघडलंय असं मुळीच नाही. महत्त्वाचं हे की ही चूक जवळजवळ स्थिर आहे. आज ६९ तर उद्याही ६९ च्या आसपासच. तापमान बदललं, मशीनवरचा भार वाढला की आकडा थोडा हलतो. काही मशीनवर प्रत्येक बूटच्या वेळी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, प्रोसेसरच्या काउंटरचा वेग नव्याने मोजतं, त्यामुळे रीबूटनंतरही तो बदललेला दिसू शकतो. पण चालू मशीनवर तो पुरेसा स्थिर असतो, म्हणूनच तो मोजून कायमचा वजा करता येतो. एनटीपीडेट नेमकं हेच करत नाही. ते रोज साचलेली चूक पुसतं, चूक साचण्याचं कारण तसंच ठेवतं.

आणि पुसण्याची पद्धतही त्रासदायक आहे. फरक अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त असला की एनटीपीडेट घड्याळ एका झटक्यात नव्या वेळेवर नेतं. याला स्टेप म्हणतात. तुमचं घड्याळ पुढे धावतं, म्हणजे ही स्टेप दर वेळी मागे जाते. त्यात तुम्ही वेळ निवडली आहे मध्यरात्रीची. सर्व्हरच्या मते १२ वाजले की क्रॉन एनटीपीडेट चालवतं, घड्याळ ६ सेकंद मागे येतं आणि तारीख पुन्हा आदल्या दिवसाची होते. मग काही सेकंदांनी मध्यरात्र दुसऱ्यांदा होते. त्या फटीत लिहिलेल्या नोंदी लॉगमध्ये आधीच्या नोंदींपेक्षा जुन्या दिसणारच. एखादं काम स्टेपच्या आधी सुरू होऊन २ सेकंदांत, पण स्टेपनंतर संपलं, तर शेवटच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा केल्यावर उत्तर येतं उणे ४. तुमच्या नोंदीचा उलगडा एवढाच आहे.

उणे वेळेकडे किरकोळ गोष्ट म्हणून पाहू नका. १ जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला, यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) मध्यरात्री, लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवण्यासाठीचा जादा सेकंद) घातला गेला तेव्हा क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सेवेचा (नावावरून पत्ता शोधून देणारी) काही भाग याच कारणाने कोसळला. त्यांच्या गो भाषेतल्या प्रोग्रॅमने दोन वेळांमधलं अंतर कधीच ऋण नसेल असं गृहीत धरलं होतं. ते अंतर ऋण आलं, पुढच्या फंक्शनला चाललं नाही आणि प्रोग्रॅम पडला. हा तपशील त्यांनीच सविस्तर जाहीर केला. त्याच वर्षी आलेल्या गोच्या १.९ आवृत्तीत वेळेसोबत मोनोटोनिक घड्याळाचं वाचनही ठेवलं जाऊ लागलं. मोनोटोनिक घड्याळ म्हणजे फक्त पुढे जाणारा काउंटर. किती वाजले हे त्याला माहीत नसतं, पण स्टेपने तो मागेही जात नाही. म्हणून तुमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक गोष्ट नक्की सांगा: कामाला किती वेळ लागला, टाइमआउट झाला का, पुन्हा प्रयत्न कधी करायचा, असं काहीही मोजताना मोनोटोनिक घड्याळ वापरा. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ फक्त ‘हे कधी घडलं’ एवढं लिहून ठेवण्यासाठी. पायथॉन, जावा, सी, सगळीकडे याची सोय आहे. घड्याळ कितीही नीट जुळवलं तरी हा नियम पाळावाच लागतो.

स्टेपला पर्याय आहे स्ल्यू. यात वेळ उचलून ठेवायची नाही, चाल किंचित कमी किंवा जास्त करायची. घड्याळ पुढे असेल तर कर्नल प्रत्येक सेकंद जरासा लांबवतं आणि खरी वेळ हळूहळू त्याला गाठते. एकही क्षण दोनदा येत नाही, एकही वगळला जात नाही. एनटीपीडी या सतत चालून वेळ जुळवत राहणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये या वेगाला ५०० पीपीएमची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला अर्धा मिलिसेकंद. या गतीने १ सेकंदाची चूक भरायला २,००० सेकंद लागतात, तुमच्या ६ सेकंदांना ३ तास २० मिनिटं. आणि तासाभराची चूक याच पद्धतीने भरायची म्हटलं तर ८३ दिवस. म्हणून व्यवहार असा ठरलेला आहे: बूटच्या वेळी, सेवा सुरू होण्याआधी, चूक मोठी असेल तर एकदाच स्टेप. त्यानंतर फक्त स्ल्यू. क्रोनी हा नवा प्रोग्रॅम चाल याहून बराच जास्त बदलू शकतो, त्यामुळे तो लवकर जुळतो. तुमच्या सर्व्हरवर मी तोच बसवेन.

एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची ठरलेली पद्धत, वेळ कशी काढतं हे एकदा आकड्यांत पाहा, म्हणजे सर्व्हर कसे निवडायचे ते आपोआप कळेल. समजा, तुमच्या मशीनने स्वतःच्या घड्याळानुसार १०० व्या मिलिसेकंदाला विचारणा पाठवली. टाइम सर्व्हरला ती त्याच्या घड्याळानुसार १६० ला मिळाली. त्याने १६१ ला उत्तर पाठवलं आणि तुमच्याकडे ते १४१ ला पोचलं. जाताना दिसलेला फरक ६०, येताना दिसलेला २०. त्यांची सरासरी ४०, म्हणजे तुमचं घड्याळ ४० मिलिसेकंद मागे आहे. एकूण प्रवास: बाहेर गेलेला वेळ ४१, त्यातून सर्व्हरने घेतलेला १ वजा केला की ४०. या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी एक गृहीतक आहे, की जायला आणि यायला सारखाच वेळ लागला. तसं नसेल तर उत्तर चुकतं, मात्र ही चूक एकूण प्रवासाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. इथे जास्तीत जास्त २० मिलिसेकंद. म्हणून नेटवर्कच्या दृष्टीने जवळचा, कमी विलंबाचा सर्व्हर घ्यावा. स्ट्रेटम १ चा पण दूरचा सर्व्हर स्ट्रेटम २ च्या जवळच्यापेक्षा चांगला असेलच असं नाही. स्ट्रेटम हा मूळ स्रोतापासून किती पायऱ्या दूर आहे याचा आकडा आहे, अचूकतेचं प्रमाणपत्र नाही. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये एनटीपीचा पहिला आराखडा मांडला, तेव्हापासून इंटरनेटचा वेग प्रचंड वाढला, पण हे चार वेळांचं गणित तसंच टिकून आहे.

किती सर्व्हर घ्यायचे? चार. एक घेतला तर तो चुकलेला कळणार नाही. दोन घेतले तर वाद झाल्यावर कोण खरं ते ठरवता येणार नाही. तीन असले तर एका चुकणाऱ्याला बाजूला काढता येतं, आणि चौथा अशासाठी की तिघांपैकी एक बंद पडला तरी हीच सोय राहावी. हे पुस्तकी वाटत असेल तर १९ नोव्हेंबर २०१२ आठवा. त्या दिवशी अमेरिकी नौदल वेधशाळेचे दोन एनटीपी सर्व्हर काही काळ वर्ष २००० असल्याचं सांगत होते. इतक्या नावाजलेल्या स्रोतावर आंधळेपणाने विसंबलेल्या यंत्रणा एका झटक्यात बारा वर्षं मागे गेल्या. चार वेगवेगळ्या स्रोतांकडून वेळ घेणाऱ्यांकडे हे दोन आकडे बाकीच्यांशी जुळले नसते आणि घड्याळ हललं नसतं.

दुसऱ्या बाजूने, फुकट मिळणाऱ्या सर्व्हरांना छळूही नका. २००३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर विनंत्यांचा अखंड पूर आला. शोधल्यावर कळलं की नेटगिअरच्या काही राउटरमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता आणि उत्तर मिळालं नाही की ते दर सेकंदाला विचारत राहत. क्रोनी आणि एनटीपीडी ६४ सेकंदांनी सुरुवात करून, घड्याळ स्थिरावलं की अंतर १,०२४ सेकंदांपर्यंत वाढवतात. ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. जास्त वेळा विचारलं म्हणजे घड्याळ जास्त अचूक, असा समज बराच आढळतो, पण स्थिर घड्याळाला त्याने उलट नेटवर्कच्या गोंधळाचे धक्के बसतात.

तुमच्या मांडणीत मी दोन सर्व्हर आतले वेळरक्षक ठरवेन. ते बाहेरच्या चार स्रोतांकडून वेळ घेतील, बाकीची सगळी लिनक्स मशीन या दोघांकडून. दोन आतले असताना वाद झाला तर वर सांगितलेली अडचण येते हे खरं, म्हणून सर्वांना बाहेर जायची परवानगी असेल तर त्यांच्या यादीत बाहेरचेही दोन ठेवा. क्रोनीच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक स्रोतापुढे ‘आयबर्स्ट’ लिहा, म्हणजे सुरुवातीला काही विनंत्या पाठोपाठ जाऊन काही सेकंदांत पहिला अंदाज मिळतो. ‘मेकस्टेप’ला १ आणि ३ हे आकडे द्या: चूक १ सेकंदाहून मोठी असेल तर स्टेप चालेल, पण सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांतच. ‘ड्रिफ्टफाइल’ची ओळ नक्की ठेवा. तुमचे ते ६९ पीपीएम तिथेच लिहून ठेवले जातात, आणि सेवा पुन्हा सुरू झाली की शिकलेलं विसरलं जात नाही. ‘आरटीसीसिंक’ चालू ठेवलं की कर्नल दर ११ मिनिटांनी खरी वेळ मदरबोर्डच्या घड्याळात उतरवतं, त्यामुळे पुढच्या बूटची सुरुवातही जवळपास योग्य वेळेपासून होते.

यापुढे पाहणी कशी करायची ते शिकून घ्या, कारण सेवा ‘चालू’ दिसते एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फायरवॉलने यूडीपी १२३ (एनटीपीची ये-जा ज्यावरून होते ते पोर्ट) अडवलेलं असेल तर प्रोग्रॅम चालू असतो आणि घड्याळ मात्र मोकाट. ‘क्रोनीसी सोर्सेस’ ही कमांड द्या. ज्या ओळीत तारा आहे तो निवडलेला स्रोत, अधिकचं चिन्ह असलेले त्याच्या जोडीला घेतलेले, प्रश्नचिन्ह म्हणजे संपर्क नाही, आणि एक्स म्हणजे इतरांशी न जुळणारा, नाकारलेला. ‘रीच’ या रकान्यात ३७७ हवं. तो अष्टमान पद्धतीचा आकडा आहे. शेवटच्या आठही विनंत्यांना उत्तर आलं की ३७७ दिसतं. मग ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ पाहा. त्यातल्या ‘फ्रीक्वेन्सी’समोर तुमच्या स्फटिकाची चूक, बहुधा ६९ च्या आसपासचा आकडा आणि ‘फास्ट’ असं दिसेल. तो मोठा आहे म्हणून घाबरू नका, तो मोजून वजा केलेला आहे. पाहायचा तो ‘सिस्टम टाइम’चा फरक.

विंडोजची मशीन डोमेनमध्ये (एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या मशीनच्या गटात) असतील तर त्यांना एकेक करून इंटरनेटच्या सर्व्हरला जोडू नका. ती डोमेन कंट्रोलरकडून, म्हणजे गट सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून, वेळ घेतात आणि तशीच घेऊ द्यावीत. फक्त पीडीसी एम्युलेटरची (डोमेनच्या मुख्य वेळस्रोताची) भूमिका ज्या कंट्रोलरकडे आहे, त्याला वर ठरवलेल्या स्रोतांकडे वळवा. केर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासण्याची पद्धत) लॉगिनला डीफॉल्ट ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो, त्यापुढे पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. एखादं मशीन खरोखर कुणाकडून वेळ घेतंय हे ‘डब्ल्यू३२टीएम’ या विंडोजच्या कमांडच्या क्वेरी स्टेटसमध्ये दिसतं. तिथे स्रोत म्हणून लोकल सीमॉस क्लॉक लिहिलं असेल तर ते कुणाशीच जुळलेलं नाही.

लॅपटॉपचं उत्तर छोटं आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं मानतं, लिनक्स तीच यूटीसी आहे असं मानतं. दोघंही आपापल्या समजुतीने त्यात लिहितात, म्हणून फरक नेमका तुमच्या टाइम झोनइतका येतो. दोघांनाही एकच समजूत द्या, आणि ती यूटीसीची असू द्या. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) टाइम झोन इन्फर्मेशनच्या कीखाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ या नावाने १ ही किंमत टाकली की काम होतं. लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावता येतं, पण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या प्रदेशात मग वर्षातून दोनदा दोन्ही सिस्टीम तोच एक तास बदलायला जातात.

व्हर्च्युअल मशीन असतील तर एक खबरदारी: होस्टकडून (ती ज्या खऱ्या मशीनवर चालतात त्याच्याकडून) वेळ घेणारं साधन आणि आतला एनटीपी प्रोग्रॅम, दोघांनाही सतत घड्याळ हलवू देऊ नका. दोन प्रोग्रॅम एकाच घड्याळाची चाल ओढू लागले की ते कधीच स्थिरावत नाही. सततची दुरुस्ती एकाकडेच द्या. मशीन थांबवून पुन्हा सुरू झाल्यावरची एक स्टेप तेवढी होस्टने दिली तर चालते. हाच नियम तुमच्या क्रॉनमधल्या एनटीपीडेटला लागू आहे.

मदरबोर्डवर घड्याळच नसलेले छोटे बोर्ड, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय ४ पर्यंतचे, यांच्यात एक वेगळाच पेच होतो. बूटला तारीख जुनी असते. डीएनएसेक (डीएनएसची उत्तरं डिजिटल सह्यांवरून पडताळणारी) तपासणी चालू असेल तर जुन्या तारखेमुळे सह्या अवैध ठरतात आणि टाइम सर्व्हरच्या नावाचा पत्ताच मिळत नाही. म्हणजे वेळ नाही म्हणून पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणून वेळ नाही. वेळेची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या एनटीएसमध्येही टीएलएस प्रमाणपत्राच्या (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या) तारखेवरून हीच अडचण येते. अशा ठिकाणी एक तरी स्रोत थेट आयपी पत्त्याने द्या, शक्यतो आपल्याच नेटवर्कमधला. आणि शेवटची माहीत असलेली वेळ फाइलमध्ये जपणारी सोय चालू ठेवा. लिनक्सवर सिस्टमडीचं टाइमसिंकडी (वेळ जुळवणारी छोटी सेवा) ते आपणहून करतं.

स्रोत निवडताना आणखी एक अट. लीप सेकंद १९७२ पासून २७ वेळा घातले गेले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला, आणि २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवण्याचा ठराव २०२२ मध्ये झाला आहे. तोवर कधी आलाच, तर गूगलसारखे सर्व्हर तो सेकंद २४ तासांवर पातळ पसरवतात, बाकीचे एकदम घालतात. त्या दिवशी दोन्ही गटांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक असतो. त्यामुळे चारही स्रोत एकाच पद्धतीचे घ्या, मिश्रण नको.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी क्रॉनमधली एनटीपीडेटची ओळ काढा. सर्व्हरवरच्या सेवा थोडा वेळ थांबवून क्रोनी सुरू करा, म्हणजे सुरुवातीची एकमेव स्टेप कुणाच्या वाटेत येणार नाही. ट्रॅकिंगमधला फरक काही मिलिसेकंदांवर आला की सेवा चालू करा. आतल्या दोन वेळरक्षकांवर यूडीपी १२३ फक्त आपल्या नेटवर्कसाठी उघडा, बाहेरच्यांसाठी नाही. नंतर देखरेखीच्या यंत्रणेत दोन इशारे लावा: फरक १०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर एक, आणि तासाभरात एकाही स्रोताकडून उत्तर आलं नाही तर दुसरा. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे, कारण संपर्क तुटल्यावरही क्रोनी शिकलेल्या चालीवर घड्याळ बराच काळ चांगलं सांभाळतो आणि पहिला इशारा वाजायला उशीर होतो.